‘त्रास काही नाही’: केमो-रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यातलं एक प्रकरण

शनिवारी दुपारी ते व्हीलचेअरवरून वॉर्डात आले. दाखल-कागदावर तीनच तक्रारी होत्या: उलट्या, अशक्तपणा, तोंड आलंय. मी खाटेपाशी जाऊन विचारलं, "काय त्रास होतोय?" त्यांनी हात हलवून "काही नाही" अशी खूण केली आणि लगेच मांडीवरच्या भांड्यात ओकले.

एक्कावन्न वर्षांचे, मोटारगाड्यांचे मेकॅनिक, स्वतःचं गॅरेज. वॉर्डात दुसऱ्या दिवसापासून सगळे त्यांना मिस्त्री म्हणू लागले. इथेही तेच म्हणते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील काढून टाकले आहेत. जिभेच्या मुळाशी कॅन्सर, मानेत दोन गाठी, त्यापलीकडे कुठे पसरलेला नव्हता. रेडिएशन आणि केमो एकत्र द्यायचं ठरलं होतं. रेडिएशन रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक), आठवड्यातून पाच दिवस, ३५ वेळा, एकूण ७० ग्रे. सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध तीनदा, पहिल्या, बाविसाव्या आणि त्रेचाळिसाव्या दिवशी, दर वेळी शरीराच्या एका चौरस मीटरमागे १०० मिलिग्रॅम. आजार बरा करण्यासाठी दिला जाणारा इलाज होता हा, नुसतं आयुष्य लांबवण्यासाठी नव्हे. मिस्त्रींना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच इलाजाच्या आड येईल असा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हे आम्हाला कळायला चार दिवस लागले.

दाखल झाले तो इलाजाचा सत्ताविसावा दिवस. दुसरं सिस्प्लॅटिन सोमवारी झालं होतं. शुक्रवारी ते लाईटला आले नाहीत (रेडिएशनला रुग्ण लाईटच म्हणतात). मशीनवरच्या तंत्रज्ञाने आपणहून घरी फोन केला. पत्नीने उचलला: "उठवत नाहीये हो त्यांच्याच्याने." त्या फोनमुळे ते आले.

पहिली रात्र

वजन इलाजाआधी ७१ किलो होतं, आता साडेचौसष्ट. नाडी ११२, रक्तदाब ९६/६०, उभं केलं की डोळ्यापुढे अंधारी. क्रिएटिनिन ०.८ वरून २.१ वर गेलेलं, म्हणजे मूत्रपिंडं दबलेली. पांढऱ्या पेशी ठीक होत्या, ताप नव्हता. तोंड येण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या चार पायऱ्या आहेत: पहिलीत लाली आणि आग, दुसरीत जखमा पण घास खाता येतो, तिसरीत फक्त पातळ उतरतं, चौथीत तोंडावाटे काहीच जात नाही. मिस्त्री तिसरी सोडून चौथीकडे निघाले होते. गालाच्या आतून पांढुरकी साय चढल्यासारखी आणि खाली लालभडक मांस. थुंकी इतकी चिकट की तार तुटत नव्हती. ती घशात अडकली की त्यानेच उमासा यायचा.

त्या रात्री उलट्यांवर आम्ही ऑन्डान्सेट्रॉनचं इंजेक्शन दिलं. उतार पडला नाही म्हणून काही तासांनी पुन्हा दिलं. केमोचा रुग्ण आणि उलट्या म्हटलं की हात आपोआप त्याच औषधाकडे जातो, आणि या सवयीला इतिहासही आहे. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणू लांबच लांब वाढायचे पण विभागायचे नाहीत. ती करामत विजेची नव्हतीच; प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगाची होती. तेच सिस्प्लॅटिन. अमेरिकेत त्याला १९७८ मध्ये मान्यता मिळाली. आधी बंदोबस्त न करता दिलं तर शंभरातल्या नव्वदाहून जास्त जणांना उलट्या करवणारं औषध आहे ते. ऑन्डान्सेट्रॉन तिथल्या बाजारात आलं १९९१ मध्ये. मधली तेरा वर्षं ज्यांनी सिस्प्लॅटिन घेतलं त्यांच्या वाट्याला त्यामानाने दुबळी औषधं होती, आणि नुसत्या उलट्यांपायी इलाज सोडणारे लोक होते. त्यामुळे ऑन्डान्सेट्रॉनवर आमचा जीव असणं साहजिक आहे. तरी त्या रात्री ते चुकलंच.

सिस्प्लॅटिनच्या उलट्यांना घड्याळ असतं. पहिल्या २४ तासांत एक लाट येते. दुसरी दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे १२० तासांपर्यंत चालते. मिस्त्रींचा डोस सोमवारी सकाळी झाला होता. शनिवारी सकाळी १२० तास भरले आणि रात्री उलट्या वाढत होत्या. लाट ओसरायच्या वेळी वाढत असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं, हे कोणीही शिकाऊ डॉक्टर सांगेल. आम्ही ते रविवारी सकाळी शोधलं.

सकाळच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम २.९ आणि मॅग्नेशियम १.० निघालं. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडातून मॅग्नेशियम गळवतं. ते भरून काढल्याशिवाय पोटॅशियम कितीही चढवलं तरी टिकत नाही. बुडाला भोक असलेल्या बादलीत पाणी ओतल्यासारखं होतं. ईसीजीत क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबून ४९० मिलिसेकंद. ही क्षारांची अवस्था आणि वरून क्यूटी लांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन, दोन डोस. नशीब बलवत्तर म्हणून ठोके बिघडले नाहीत. पोटाच्या एक्स-रेत आतडं शेवटपर्यंत मळाने भरलेलं. सहा दिवस पोट साफ झालं नव्हतं. विचारलं कोणी नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सिस्टरच्या नजरेला आली. त्यांना डुलकी लागली की हात झटके देत होते, ग्लास धरला की सांडत होता. घशाच्या दुखण्यासाठी तोंडावाटे मॉर्फिन चालू होतं, दर चार तासांनी १० मिलिग्रॅम. यकृत मॉर्फिनचे जे घटक बनवतं ते मूत्रपिंडातून बाहेर पडतात. मूत्रपिंडं मंदावली की ते साचतात, मग ग्लानी, झटके, आणि मळमळ.

आता सगळं जुळून आलं. मॉर्फिन आणि ऑन्डान्सेट्रॉन दोन्हीही पोट धरून ठेवणारी. सोबत रेचक लिहून दिलेलंच नव्हतं (दिलं असतं तर ही कथा निम्मी झाली असती). पोट तुंबल्यामुळे मळमळ, मळमळीमुळे पाणी पिणं बंद, पाणी नाही म्हणून सिस्प्लॅटिनचा मूत्रपिंडांवर जास्त घाव, त्यामुळे मॉर्फिन साचलं, त्याने मळमळ आणखी वाढली. त्यावर उतारा म्हणून आम्ही दिलं काय, तर पोट आणखी धरणारं औषध. प्रत्येक त्रासावर कोणी ना कोणी योग्य वाटेल असं काहीतरी लिहून दिलं होतं, पण सगळे कागद एकत्र ठेवून कोणी वाचले नव्हते.

रविवारी ऑन्डान्सेट्रॉन बंद केलं. सलाइनमधून मॅग्नेशियम, त्याच्यासोबत पोटॅशियम. मॉर्फिन थांबवून फेंटानिल सुरू केलं, कारण त्याचे साचून त्रास देणारे घटक बनत नाहीत. पहिले दोन दिवस शिरेतून, मग त्वचेवर चिकटवायचा पॅच. एनिमा दिला आणि पुढे रोज रेचक. पांढऱ्या पेशी चांगल्या होत्या म्हणून एनिमा देता आला. त्या कमी असतील तर गुदमार्गाने काहीही द्यायचं टाळतात, तिथल्या बारीकशा खरचटण्यातूनही जंतू रक्तात शिरू शकतात. ग्लानी उतरल्यावर सोमवारी रात्री ओलान्झापिन ५ मिलिग्रॅम. मूळचं हे मानसिक आजारांवरचं औषध. मळमळीवर अतिशय चांगलं चालतं आणि झोपही लावतं. चिठ्ठीवर नाव वाचून पत्नी घाबरल्या, "ह्यांना वेड लागलंय का?" असं विचारलं. समजावायला पाच मिनिटं लागली. ती आम्ही आधीच काढायला हवी होती.

सोमवारी त्यांना वॉर्डातूनच व्हीलचेअरवर लाईटला नेलं. सुट्टी द्या, दोन दिवस दम खाऊ द्या, असं नातेवाइकांना वाटणं स्वाभाविक आहे. पण डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन एक दिवस लांबलं की आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण १ ते १.४ टक्क्यांनी घटते, कारण उरलेल्या पेशी मधल्या काळात जोमाने वाढतात. तिथे वेगळाच प्रश्न उभा राहिला: वजन उतरल्यामुळे चेहऱ्यावरचा प्लास्टिकचा मास्क सैल बसत होता. किरणं मिलिमीटरच्या हिशोबाने सोडायची आणि डोकं आत हलतंय, हे चालत नाही. नवा मास्क, नवा स्कॅन, नवं गणित.

वही

मंगळवारी क्रिएटिनिन १.५ वर आलं. उलट्या थांबल्या, हातांचे झटके गेले. पण मूत्रपिंडं एवढी का दबली, हे माझ्या डोक्यातून जाईना. पाणी कमी गेलं, सिस्प्लॅटिन होतं, हे मान्य. तरी हिशोब पुरा होत नव्हता. मी पुन्हा विचारलं, "घरी आणखी कुठली गोळी घेत होतात?" मान नकारार्थी हलली. पत्नी खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक वही काढली आणि नवऱ्याकडे न बघता माझ्या हातात दिली.

गॅरेजच्या हिशोबाची वही. पुढच्या बाजूने गाड्यांचे नंबर आणि येणं-देणं, मागच्या बाजूने इलाजाच्या पहिल्या दिवसापासूनची नोंद. किती वाजता काय प्यायले, किती वेळा ओकले, कुठली गोळी कधी. एवढी शिस्तशीर नोंद आमच्या फायलीतही नव्हती. आणि आमच्यापैकी कोणीही, चार आठवड्यांत एकदाही, "घरी काही लिहून ठेवलंय का?" असं विचारलं नव्हतं. रुग्णाला विचारायचं आणि नातेवाइकाला बाहेर थांबा म्हणायचं, ही आमची पद्धत.

वहीत होतं: आयब्युप्रोफेन ४००, दिवसाला तीन, कधी चार, अकराव्या दिवसापासून. मॉर्फिन जास्त घेतलं तर सवय लागेल, या भीतीने ते अर्धंच घ्यायचे आणि उरलेलं दुखणं दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी मारायचे. दाखल होण्याआधीचे आठ दिवस पूर्ण मॉर्फिन घेत होते ते दुखणं असह्य झालं म्हणून. गोळ्या तरी सुटल्या नाहीत. सिस्प्लॅटिन, पाण्याची तूट आणि त्यात आयब्युप्रोफेन. ही गोळी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा पुरवठा आवळते. निरोगी माणसाला एरवी जाणवतही नाही. या माणसाला ती नडली. हिशोब पुरा झाला.

पान उलटताना आणखी एक ओळ दिसली. नववा दिवस: "कानात शिट्टी वाजते. डॉक्टरांना सांगू नको म्हणाले."

ती ओळ मी वाचली, आणि त्या दिवशी बाजूला ठेवली. मूत्रपिंड, क्षार, दुखणं, खाणं, हे सगळं समोर पेटलेलं होतं. हे समर्थन नाही. घडलं तसं लिहिते आहे.

नळी

नाकातून पोटात नळी घालायचं मी सुचवलं तेव्हा पहिल्यांदा मिस्त्री खरोखर चिडले. बोलताना दुखत होतं म्हणून पाटीवर लिहिलं: "नळी म्हणजे शेवट. माझे काका." पुढचं लिहिलं नाही. काकांना नळी लागली आणि आठवड्यात ते गेले, असं पत्नीने नंतर सांगितलं. नळीची कोणी तरी समजूत घालेल, पण काकांची कशी घालायची? मी ते डोक्यातून काढायचा प्रयत्न सोडला आणि तारखा लिहून दिल्या. लाईट कधी संपणार, त्यानंतर तोंडाच्या जखमा साधारण दोन आठवडे आणखी तशाच राहणार किंवा वाढणार, मग भरू लागणार, आणि नळी बहुतेक कोणत्या आठवड्यात निघणार. जी गोष्ट म्हणजेच शेवट, तिला निघण्याची तारीख नसते. त्यांनी कागद दोनदा वाचला, आणि नळी घालताना त्यांच्या हातात सक्शनची दांडी दिली. चिकट थुंकी ओढायला खाटेजवळ सक्शन मशीन लावलं होतं आणि ते त्यांनी केव्हाच आपल्या ताब्यात घेतलं होतं. नळीचा एक जोड हवा खातोय म्हणून ओढ कमी पडते, हेही त्यांनीच शोधून सिस्टरला दाखवलं होतं.

नळी लागल्यावर नातेवाइकांचा पहिला आग्रह असतो: आता भरपूर द्या, उपाशी आहेत बिचारे. इथे सांभाळावं लागतं. बरेच दिवस पोटात काही न गेलेल्या माणसाला एकदम पूर्ण आहार दिला तर पेशी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने आत ओढतात आणि हृदय बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून आधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व), मग पहिल्या दिवशी किलोमागे १० कॅलरी, म्हणजे जेमतेम ६५०. एवढी काळजी घेऊनही तिसऱ्या दिवशी फॉस्फेट १.८ वर घसरलं (खालची मर्यादा २.५), ते शिरेतून भरलं आणि वाढ एक दिवस रोखली. किलोमागे ३० कॅलरींपर्यंत पोचायला आठवडा गेला.

नळी असली तरी गिळणं बंद करू दिलं नाही. गिळण्याचे स्नायू महिनाभर वापरले नाहीत तर पुढे नळी निघाली तरी घास उतरत नाही. दर दोन तासांनी पाण्याचे दोन घोट, गिळण्याचे व्यायाम, आणि तोंड उघडण्याचे. घोट कधी घ्यायचे ते दुखण्याच्या औषधाच्या वेळेला जोडलं. लिडोकेनचं जेल तोंडात फिरवून लगेच प्यायला मात्र मनाई. घसा बधिर असताना पाणी श्वासनलिकेत जातं.

तोंडाच्या काळजीबद्दल सांगण्यासारखं नवं फारसं नाही. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा, दर दोन-तीन तासांनी गुळण्या. मऊ ब्रश. अल्कोहोल असलेला माउथवॉश अजिबात नको. त्यांच्या घरी तोच होता, झोंबतो म्हणजे जंतू मरतात या समजुतीने दिवसातून पाच वेळा. जिभेच्या कडेला बुरशी होती, तिच्यावर निस्टॅटिनचे थेंब. बुरशीवरचं दुसरं औषध फ्लुकोनॅझोल टाळलं, कारण ते फेंटानिलचा निचरा मंदावतं आणि क्यूटीही लांबवतं.

बीप

बुधवारी दुपारी सलाइनचा पंप बीप करू लागला. हवेचा बुडबुडा आला की तो करतो. बीप थांबेना तेव्हा पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी सिस्टरला हाक मारली. सिस्टर आली तर मिस्त्री जागे, डोळे उघडे, पंप त्यांच्या कानापासून दोन हातांवर. त्यांनी मान वळवली ती सिस्टरला बघून. तिने पंप बंद केला आणि मला येऊन म्हणाली, "मॅडम, त्यांना ऐकूच येत नव्हता तो."

ज्या माणसाने सक्शनच्या जोडातली हवा कानाने ओळखली होती, त्याला पंपाचा बीप ऐकू येत नव्हता. हे एकमेकांशी विसंगत वाटेल, पण नाही. सक्शनचा आवाज जाड, बीप बारीक. सिस्प्लॅटिन कानाच्या शंखातल्या केसपेशी मारतं आणि सुरुवात शंखाच्या तोंडापासून करतं, जिथे उंच स्वर पकडले जातात. गेलेल्या पेशी परत उगवत नाहीत. औषध शंखात महिनोन्महिने ठाण मांडून राहतं, त्यामुळे डोस थांबवल्यावरही ऱ्हास थोडा पुढे सरकू शकतो.

त्याच संध्याकाळी श्रवणचाचणी केली. इलाजाआधीचा आलेख सगळीकडे चांगला होता. आता २००० हर्ट्‌झपर्यंत ठीक, ४००० ला ४० डेसिबल, ६००० ला ६५, ८००० ला ७५. दोन्ही कानांत सारखं.

मी फाईलमध्ये मागे गेले. बाविसाव्या दिवसाचा केमोआधीचा तक्ता सापडला. "कानात आवाज / ऐकू कमी येणे" यापुढे "नाही" वर खूण. खाली आमच्यापैकीच एकाची सही. कसं झालं असेल ते मला दिसतं. केमोच्या खोलीत सकाळची गर्दी, तक्ता भरणारा उभा, खुर्चीतला माणूस बसलेला: "काही त्रास नाही ना? मळमळ? जुलाब? कान? बरं." ज्या प्रश्नाच्या शेवटी "ना" असतो त्याला "नाही" हेच उत्तर मिळतं. मिस्त्रींना तर खोटं बोलावंही लागलं नाही.

मी त्यांच्या समोर बसले, ओठ दिसतील असं, आणि विचारलं, "कानातली शिट्टी का नाही सांगितली?" तोवर फेंटानिलने दुखणं इतपत आटोक्यात होतं की ते हळू बोलू शकत होते. म्हणाले, "सांगितलं असतं तर औषध बंद केलं असतं तुम्ही. अर्धवट काम करून गाडी सोडत नाही मी." पत्नी म्हणाल्या, "अहो, पण कानावरच तर पोट आहे तुमचं." इंजिन चालू करून नुसतं ऐकून दोष सांगणारे म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांनी खांदे उडवले. "आधी जगू तर दे."

ताप

अकराव्या रात्री, म्हणजे इलाजाच्या सदतिसाव्या दिवशी, अडीच वाजता अंगात ३८.४ अंश सेल्सियस ताप. केमो चालू असलेल्या माणसाला ताप आला की पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट यायची वाट बघत नाहीत. रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते वाढवून बघायची तपासणी) घ्यायचं आणि तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू करायचं. रात्रपाळीने ते ४० मिनिटांत केलं. तापाची गोळी मात्र कल्चरच्या आधी दिली नाही. वेदनेसाठी नियमाने पॅरासिटामॉल घेणाऱ्यांचा ताप झाकला जातो, म्हणून मिस्त्रींना ते मुद्दाम ठरलेल्या वेळी न देता आधी ताप मोजून देत होतो.

पाच वाजता रिपोर्ट आला: न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १३००, म्हणजे थोडे कमी, पण धोक्याच्या पातळीच्या बरेच वर. उजव्या फुप्फुसात खाली बारीक करकर, एक्स-रेत तिथेच डाग. नळीतून रात्री चालणारं फीड उलटून श्वासनलिकेत गेलं होतं. खाटेची डोक्याकडची बाजू ३० अंश उंच ठेवायची असते. पाठ दुखते म्हणून मिस्त्रींनी कळ फिरवून ती सपाट केली होती, स्वतःच. मशीन दिसलं की दुरुस्त करणार हा माणूस.

एक गोष्ट थोडक्यात निसटली असती. अंगात ताप असताना फेंटानिलच्या पॅचमधून औषध जास्त वेगाने शोषलं जातं. सिस्टरने पॅच आठवून दर अर्ध्या तासाला श्वास मोजला, बारा-तेरा राहिला, काढावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी लाईट चुकली नाही.

तिसरा डोस

त्रेचाळिसाव्या दिवसाआधी आम्ही बसून ठरवलं: तिसरं सिस्प्लॅटिन द्यायचं नाही. कान, आणि क्रिएटिनिन अजून १.२, दोन्ही कारणं पुरेशी होती. शिवाय दोन डोस मिळून चौरस मीटरमागे २०० मिलिग्रॅम झालं होतं, आणि रेडिएशनसोबतच्या फायद्यासाठी तेवढी एकूण मात्रा साधारणपणे पुरेशी मानतात. लहान मुलांमध्ये सिस्प्लॅटिनपासून कान वाचवण्यासाठी सोडियम थायोसल्फेटला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. मोठ्यांसाठी असं मान्यता मिळालेलं औषध नाही.

२०० पुरेसं आहे हे ऐकल्यावर मिस्त्री बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही पूर्ण इलाज बंद केला नसता."

"नसता. लाईट चालूच राहिली असती. औषध बदललं असतं, किंवा थोडं थोडं करून दर आठवड्याला दिलं असतं."

"दुसऱ्या डोसआधी सांगितलं असतं तर कान वाचले असते?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "पूर्ण वाचले असते असं नाही. पण बरंच काही राहिलं असतं, अशी शक्यता आहे."

ते "हं" म्हणाले. पत्नी बाहेर गेल्या.

चुकलेला शुक्रवार एका दिवशी दोनदा लाईट देऊन भरून काढला, मधे सहा तासांहून जास्त अंतर ठेवून. ३५ वी लाईट मूळ ठरलेल्याच शुक्रवारी झाली. त्याआधीच ते नळीसह घरी गेले होते. पुढचे दोन आठवडे सांगितल्याप्रमाणे वाईट गेले, आणि सांगितलेलं असल्यामुळे दोघांनीही ते काढले. नळी पाचव्या आठवड्यात निघाली, कागदावर मी चौथा लिहिला होता. बाराव्या आठवड्याच्या पेट स्कॅनमध्ये आजार दिसला नाही. तोंड कोरडं पडतं, पाण्याची बाटली सतत हाताशी लागते. तीन महिन्यांनी ४००० हर्ट्‌झला ४० चे ५० डेसिबल झाले होते.

आमच्या केमोच्या खोलीतल्या तक्त्यात एक रकाना वाढला आहे: "घरी नोंद ठेवणारी व्यक्ती". सकाळच्या गर्दीत तो बऱ्याचदा कोराच राहतो.

मिस्त्रींनी कानाला यंत्र लावलं आहे. लावून पहिल्यांदा गॅरेजमध्ये गेले तेव्हा बेअरिंगची किरकिर ऐकू आली, असं त्यांनी तपासणीला आल्यावर सांगितलं. ती कुठल्या चाकातून येते ते मात्र कळेना. ते आता हाताखालच्या पोराला विचारतात.